पालथे निजण्याआधी

पेरांवरच्या मात्रा

वृत्त शिकवताना मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायच्या, ही माझी जुनी सवय. अंगठा करंगळीच्या तळाशी टेकवायचा आणि एकेक पेर चढत जायचे. जीभ ओळ म्हणते, अंगठा तिची पावले मोजतो. नारायणगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे मी अशीच कविता शिकवली. एका सकाळी ओळ संपली आणि माझा अंगठा कोणत्या पेरावर आहे, हे मला कळेना. हाताकडे पाहिले, तर तो कुठेच टेकलेला नव्हता. हवेतच वाकून उभा होता.

मुले हसली नाहीत. त्यांना वाटले, बाई विचार करताहेत.

पुढच्या काही महिन्यांत असे बरेच काही गळत गेले. मेथी निवडताना पान कुठले आणि देठ कुठला, हे बोटांना सांगता येईना. डोळ्यांनी बघून निवडावी लागे. चालताना पायातली चप्पल मागे राहून जाई आणि मला ते उंबऱ्याशी पोचल्यावर कळे. पेपर तपासायला मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून टाचेपर्यंत विजेची एक बारीक रेघ सरकून जाई. मी तिला आधी शिणवटा म्हटले, मग वय म्हटले. शब्द हाताशी असलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालणे फार सोपे जाते.

खिडकीजवळची जागा

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या मानेची फिल्म उजेडावर धरली. मणक्यांमधून उतरणाऱ्या करड्या दोरीला कोणी तीन ठिकाणी चिमटे घेतलेले असावेत, तसे दिसत होते. ती दोरी म्हणजे मज्जारज्जू. मेंदूचा हाताशी आणि पायांशी चाललेला सगळा बोलव्यवहार तिच्यातून होतो, आणि माझ्या बाबतीत तो मानेतच अडत होता.

“मागच्या बाजूने शस्त्रक्रिया करून दाब काढू,” डॉक्टर म्हणाले. “पण एक आधीच सांगतो. गेलेले सगळे परत येईलच असे नाही. जे उरले आहे, ते राखण्यासाठी हे करायचे. थांबलात तर मात्र चालणेही जाऊ शकते.”

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिले. मी लग्न केले नाही. त्यामागे कुठलीही मोठी कहाणी नाही. वारूळवाडीच्या दोन खोल्यांचे कुलूप काढणारा, भाकरी थापणारा, फळ्यावर लिहिणारा आणि ताप आला तर कपाळावर ठेवला जाणारा असा माझ्या घरात तो एकच हात होता. तो उरणार की जाणार, एवढाच प्रश्न त्या दिवसापासून माझ्यापुढे राहिला. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

परतताना एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. मंचरच्या अलीकडे कांद्याचा वास गाडीत शिरला. शेजारी बसलेल्या बाईने पिशवी मांडीवर घेतली आणि विचारले, “कुठं गेल्ता, ताई?”

“पुण्याला.”

“लग्नाला?”

“नाही, जरा काम होतं.”

“आन् बाकी? निवांत ना?”

“निवांत,” मी म्हटले.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे या प्रश्नाला हेच उत्तर असते. टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतून आलेला माणूस निवांत असतो. ज्याची कालवड बिबट्याने नेली, तोही निवांत असतो. हा खोटेपणा नव्हे. आपले ओझे समोरच्याच्या डोक्यावर न देण्याची ती रीत आहे. माझ्या आईने शेवटच्या आठवड्यात, ओठ निळे पडलेले असताना, भेटायला आलेल्यांना “बरी हाय मी, च्या घ्या” असे सांगितले होते. लोक तिचे कौतुक करत करत पायऱ्या उतरले. मीही केले होते.

कळंबला

माझा थोरला भाऊ, दादा, कळंबला राहतो. घरची शेती तोच पाहतो. मी शस्त्रक्रिया, तारीख आणि दवाखाना सांगितला तेव्हा तो ओट्यावर बसून फवारणीच्या पंपाचे नोझल तारेने साफ करत होता.

“मानेला कात्री लावायची म्हंजी काय खेळ हाय का, सुमे?” तो म्हणाला. “पार लुळी पडत्यात मानसं. त्यापरीस चल माझ्यासंगं, एक मानूस हाय मान बसवनारा. एक झटका, मोकळं.”

“दादा, झटका दिला तर मी तिथंच लुळी पडेन. डॉक्टरांनी बजावलंय.”

“डॉक्टर बजावनारच. त्येंचा धंदा हाय.” त्याने नोझलमध्ये फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “आन् काय झालं-बिलं, तर तुझं करायला मागं कोन हाय, सांग बरं?”

तो दुष्ट नाही. तो घाबरला होता, आणि आमच्या घरात पुरुषांची भीती रागाचे कपडे घालूनच बाहेर पडते. पण ते वाक्य मला लागले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, पिठाचे हात अंगापासून दूर धरून. तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलायला ओठ उघडले आणि आत गेली.

मी चहा न घेता निघाले. त्या दिवसापासून दवाखान्यात भरती होईपर्यंत मी एकाही माणसाशी माझ्या मानेबद्दल बोलले नाही. महाविद्यालयात रजेच्या अर्जावर ‘वैयक्तिक कारण’ असे लिहिले. ते अक्षर माझे वाटत नव्हते.

पायाचा अंगठा

दवाखान्याचा दिवस आवाजांनी बनतो. ट्रॉलीच्या एका करकरणाऱ्या चाकाचा, स्टीलच्या भांड्यावर झाकण पडल्याचा, पडदा कड्यांवरून सरकल्याचा. वास एकच असतो, तो स्पिरिटचा, आणि त्याखाली कोणाच्या तरी घरून आलेल्या वरणभाताचा. माझ्यासाठी डबा येत नव्हता. मला कँटीनचे ताट मिळे, त्यातली चपाती थंड झाली की मऊ न राहता चामड्यासारखी होई. शेजारच्या खाटेवरची बाई मला तिच्यातले लोणचे देई. ‘कोणी आलं नाही का?’ हे ती एकदाही विचारत नसे. या न विचारण्याचा मला फार आधार वाटे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मला ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत नेले. मला वाटले, आणखी एखादी तपासणी असेल. पण तिथे एक अरुंद टेबल होते. त्यावर दोन लांबट मऊ लोड समांतर ठेवलेले होते आणि डोक्याच्या बाजूला चेहऱ्यासाठी पोकळी ठेवलेली फोमची उशी होती. भूल देणाऱ्या डॉक्टर तिथे होत्या, चाळिशीतल्या, बारीक आवाजाच्या. आणि बिरूभाऊ होते. रुग्णाला टेबलावर नीट निजवणे हे थिएटरमधले त्यांचे काम. गाव विचारले तेव्हा ते म्हणाले, “आमी डिंभ्याचं. तुमी वारूळवाडीच्या, मंजी पावनंच की. म्हातारा अजून मेंढरं राखतोय माझा.”

डॉक्टरांनी समजावले. उद्या मला आधी उताणेच झोपवून भूल देतील आणि मग सहा जण मिळून, मान आणि धड एका रेषेत ठेवून, पालथे करतील. छाती आणि कंबर लोडांवर राहील, पोट मधल्या मोकळ्या जागेत सुटे राहील, म्हणजे श्वासाला अडथळा नाही. डोळ्यांवर भार येऊ देणार नाहीत. डोके तीन बारीक खिळ्यांच्या चिमट्यात पक्के धरतील, म्हणजे ते तसूभरही हलणार नाही. “ती मान किती वाकलेली चालते, किती चालत नाही, हे आज तुम्ही जाग्या असताना बघून घ्यायचंय,” त्या म्हणाल्या. “उद्याची ही तालीम समजा.”

मी पालथी निजले. पालथे निजणे ही किती एकाकी अवस्था आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. उताण्या माणसाला निदान छत असते, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा असतो. पालथ्या माणसाला फक्त जमीन. पोकळीतून मला हिरवट फरशीचा एक तुकडा दिसत होता आणि त्यावर पडलेला कापसाचा एक तंतू.

बिरूभाऊंनी माझे हात अंगालगत ठेवले, कोपराखाली मऊ गादी सरकवली. डॉक्टरांनी उशी थोडी वर उचलली. माझी हनुवटी पुढे गेली, मान मागे कलली. त्या क्षणी उजव्या करंगळीतून वाळू भरायला लागली. मुंग्या हा शब्द पुरेसा नाही. भिजलेली, जड वाळू. ती मनगटावरून चढत कोपराकडे सरकत होती.

“कसं वाटतंय?” डॉक्टरांनी विचारले. “मुंग्या, करंट, बधिरपणा, काही?”

“नाही,” मी म्हटले. “बरं आहे.”

मी असे का म्हणाले, याचा मी नंतर फार विचार केला. थोडी भीती होती, की त्रास सांगितला तर शस्त्रक्रिया लांबेल आणि दादाचे खरे ठरेल. पण खरे कारण त्याहून साधे होते. एवढी माणसे आपल्यासाठी खोळंबली आहेत आणि आपण कुरकुर करायची, हे माझ्या जिभेला शिकवलेलेच नव्हते.

“नक्की ना? मग ही मान ठरली,” त्या म्हणाल्या. मला कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

“डाक्टरबाई, जरा थांबा.” बिरूभाऊंचा आवाज पायांकडून आला. “बाईंनी पायाचा अंगठा तानलाय.”

“गार लागतंय थोडं,” मी फरशीला म्हटले.

“गार लागलं की बोटं आवळत्यात, बाई. ही तानल्यात.” ते चालत डोक्याकडे आले आणि उकिडवे बसले. पोकळीतून आधी त्यांचे गुडघे दिसले, मग मान तिरकी करून वर बघणारा चेहरा. “आमी मेंढरं कातराय आडवी पाडतो. मेंढरू काय बोलतंय व्हय? त्याची मान वाकडी पडली, की त्ये खूर तानतं. ल्हानपनापासनं म्या खुराकडंच बघत आलोय. मेंढराला वाचा न्हाई म्हनून बघावं लागतं. तुमी तर मास्तरीन हाय की वो!”

कोणीतरी हसू दाबले. मला वाटते, मीच.

मग डॉक्टरही खाली बसल्या. दोन चेहरे एका पोकळीत मावत नव्हते, म्हणून बिरूभाऊ बाजूला सरले. “हे बघा,” त्या हळू म्हणाल्या, “उद्या तुम्ही झोपलेल्या असाल. तीन-चार तास मान मी ठेवीन तिथेच राहील. आम्ही नसांवर यंत्राने लक्ष ठेवतो, पण पहिली खूण तुम्हालाच कळते, आणि ती उद्या तुम्ही सांगू शकणार नाही. आज सांगाल तेवढंच मला उद्या माहीत असेल.”

मी रडले. पालथ्या माणसाचे अश्रू गालावरून ओघळत नाहीत. ते डोळ्यांतून थेट जमिनीवर पडतात. त्यांचा स्वतःला स्पर्शही होत नाही. फरशीवर दोन ठिपके पडलेले मी पाहिले आणि म्हणाले, “वाळू भरतेय. करंगळीपासून कोपरापर्यंत. तुम्ही उशी उचलली तेव्हापासून.”

“आता?” त्यांनी उशी जराशी खाली केली.

“कोपरातून उतरली. मनगटात आहे.”

“आता?”

“करंगळीच्या टोकाला. थांबा... गेली.”

“आता बरोबर. आन् खांदं?” बिरूभाऊंनी विचारले.

“डावा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे. वर जात नाही.” हेही मी कोणाला सांगितले नव्हते. “उजव्या गुडघ्यावर भार सोसत नाही. आणि हनुवटी टेकतेय, ती दुखतेय.”

“सांगा, सांगा,” ते म्हणाले, “लई दिसाचं साठलंय.”

अर्धा तास लागला. माझ्या परवानगीने त्यांनी बाजूने माझा फोटो काढला, उशीची उंची लिहून घेतली, गुडघ्याखाली आणखी एक गादी ठरवली. उशीची उंची दोन बोटांनी चुकली असती, तर माझा उजवा हात त्या टेबलावरच राहिला असता का, हे मला कोणी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

मी तिथे नव्हते

सकाळी दादा आला. दाराशी उभा राहिला, हातात डाळिंबाचे दाणे भरलेला डबा. शस्त्रक्रियेआधी मला काही खायचे नव्हते, हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले.

“उद्या खाशील,” तो म्हणाला आणि डबा छातीशी धरून उभा राहिला.

त्या तासांबद्दल मी काही सांगू शकत नाही. एक विचार मात्र नंतर अनेकदा आला. गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी जवळ घेतले नव्हते. त्या सकाळी सहा माणसांनी एकाच वेळी मला हातांवर घेतले, डोके सांभाळत, कुशीवर वळवत, इतक्या काळजीने, मोजून, एका लयीत. आणि नेमक्या त्या वेळी मी तिथे नव्हते.

जाग आली ती “बोटं हलवा” या शब्दांनी. डावी हलली. उजवी उशिरा हलली, पण हलली. चेहरा सुजला होता, कपाळाच्या वर खिळ्यांच्या जागी खपल्या होत्या. मानेत कोणी जातं बसवल्यासारखे जड होते. संध्याकाळी बिरूभाऊ दारातून डोकावले. “यंत्रानं काय कुरकुर केली न्हाई,” म्हणाले. “मान दिली तशी राह्यली.” पुढचा रुग्ण होता, ते गेले.

पट्टा

सहा आठवडे गळ्यात पट्टा होता. पहिले दहा दिवस कळंबला काढले, मग हट्टाने माझ्या खोल्यांत परतले. टाके काढायला नारायणगावला गेले, तेव्हा स्टँडवर एक म्हातारी माझा पट्टा निरखत होती. आमच्याकडे उसात काम करताना बिबट्याच्या धाकाने लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागले आहेत.

“ह्यो सरकारी का गं, बाय?” तिने विचारले. “ह्येला खिळं न्हाईत. बिबट्या चावंल की!”

“हा मणक्यासाठी आहे, मावशी.”

“मंग दुखत आसंल.”

“हो,” मी म्हटले, “फार दुखतं.”

ती सरकून बसली आणि तिच्या शेजारी मला जागा झाली.

तुमच्यापैकी कोणाला लवकरच असे पालथे निजायचे असेल, म्हणून हे लिहिते आहे. आखडलेला खांदा, दुखरा गुडघा, डोळ्यांचा आजार, कवळी, मान वळवताना ज्या कोनात वीज चमकते तो कोन, हे सगळे आधी सांगा. कोणी विचारले नाही तरी सांगा. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचा त्या टेबलावर वेगळा अर्थ असतो. तिथे तो आतिथ्याचा प्रश्न नसतो.

आणि हेही सांगते, की सगळे परत येत नाही. माझी करंगळी आणि शेजारचे बोट अजून पूर्ण माझी नाहीत. खडू मोठा धरावा लागतो. ओळ म्हणताना मात्रा मी आता डाव्या हातावर मोजते. मोजणी चुकते, मग पुन्हा मोजते. कुलूप मात्र माझे मीच काढते.

दुपार

पट्टा निघाल्यानंतर आठवड्याने, दुपारी चारला, वहिनीचा फोन आला. ती रोज करते तसाच.

“जेवला का, वन्सं?”

“जेवले.”

“मान दुखती का?”

“मान आता नाही दुखत.” खिडकीबाहेर कोणाच्या तरी बागेत द्राक्षांवर फवारणी चालली होती, औषधाचा कडवट वास येत होता. मी थांबले आणि म्हणाले, “वहिनी, काल तुमचा फोन ठेवल्यापासून मी कोणाचा आवाज ऐकलेला नाही. मला फार एकटं वाटतं.”

पलीकडे बराच वेळ नुसते घर ऐकू आले. हिंदी मालिकेतल्या बायकांचे भांडण, कुकरची शिट्टी, दादा कोणावर तरी ओरडत होता. मला वाटले, तिला अवघडल्यासारखे झाले. मी विषय बदलणार होते.

“मला बी वाटतं,” वहिनी म्हणाली, इतक्या हळू की मी फोन कानाशी दाबला. “घरात आठ मानसं हायती. पर मला कुनी इचारत न्हाई.”

अठ्ठावीस वर्षे ती त्या घरात आहे. दारात उभी राहून, पिठाचे हात दूर धरून, ती काय बोलणार होती, हे मीही तिला कधी विचारले नव्हते.

उजवा हात अजून लवकर थकतो. मी फोन डाव्या हातात घेतला.

“सांगा, वहिनी,” मी म्हणाले. “कुठं दुखतंय?”

“थांबा,” ती म्हणाली, “जरा टीवी बंद करती.”